खंडाच्या रानात कोंबड्या आणि शेळ्या: करारावर सही करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड एकराचं रिकामं रान भाड्याने मिळतंय आणि मालक एका वर्षाच्या करारावर द्यायला तयार आहे. तिथे अंड्यांसाठी शंभरेक कोंबड्या, थोडी बदकं, सहा शेळ्या आणि जमलं तर टर्की ठेवायचा विचार आहे. तुमचं राहतं घर रानापासून दूर आहे. रान घ्यावं का आणि घेतलं तर काय लिहून घ्यावं, हे तुम्ही विचारलंय.

रान घ्या, पण एका वर्षासाठी घेऊ नका. बाकी सगळ्या गोष्टींवर मार्ग निघतो, मुदत चुकली तर निघत नाही. एक दिवसाचं पिलू आणलं की पहिलं अंडं दिसायला १८ ते २२ आठवडे लागतात. त्यानंतर कोंबडी वर्षभर किंवा थोडं जास्त चांगली अंडी देते. म्हणजे एका तुकडीचं चक्र साधारण दीड वर्षाचं. शेळी पाच महिने गाभण राहते आणि करडू विकण्याजोगं व्हायला पुढे निदान सहा-आठ महिने जातात. वर्षाचा करार संपतो तेव्हा कोंबड्या ऐन अंड्यावर असतात आणि करडं अर्धवट वाढलेली असतात. त्या वेळी मालक म्हणाला की पुढच्या वर्षी भाडं वाढवा नाहीतर रान सोडा, तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. अंड्यावरच्या कोंबड्या हलवल्या की जागा, उजेड, पाणी, शेजारीण सगळंच बदलतं आणि अंडी घटतात.

म्हणून निदान तीन वर्षांचा करार मागा आणि दोन्ही बाजूंनी रान सोडण्याची पूर्वसूचना सहा महिन्यांची ठेवा. मालक बिचकत असेल तर पहिलं वर्ष ठरलेल्या भाड्याने आणि पुढची दोन वर्षं, तुमची इच्छा असल्यास, आधीच लिहून ठेवलेल्या वाढीव दराने, असं सुचवा. मालकाला वर्षाअखेर भाडं वाढल्याचं समाधान मिळतं, तुम्हाला मुदतीची खात्री. बहुतेक जण भाडं कमी करून घेण्यासाठी घासाघीस करतात. माझ्या मते तीच ताकद मुदतीसाठी वापरावी.

आता रान बघायला जा, आणि एकदाच जाऊ नका. एकदा जोराच्या पावसानंतर जा, एकदा ऐन कोरड्या दिवसांत. पावसानंतर पाणी कुठे साचतं, गेटपासून आतपर्यंत गाडी जाते का, उंचवटा कुठे आहे ते कळतं. कोंबड्यांना थंडी-वारा एक वेळ सोसतो, ओल सोसत नाही. ओल्या जमिनीवर रक्ती हगवणीचे जंतू उबदार हवेत एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात आणि मातीत वर्षभरही टिकतात. शेळ्यांचं तेच. ओली जागा म्हणजे खुरं सडणं आणि पोटात जंत. दीड एकरात निवारा उभा करण्यापुरता एक चांगला निचऱ्याचा तुकडा असला तरी पुरतो, पण तो असायलाच हवा.

कोरड्या दिवसांत जायचं ते पाण्यासाठी. हिशोब करून बघा. शंभर कोंबड्यांना सौम्य हवेत रोज २० ते ३० लिटर पाणी लागतं आणि कडक उन्हात ते दुपटीकडे जातं. सहा शेळ्यांचे आणखी ३० लिटर धरा. बदकं पितात त्याहून जास्त सांडतात. भांडी धुणं वगैरे धरून उन्हाळ्यात रोज शंभर-सव्वाशे लिटर पाणी तिथे हवं. कॅन भरून नेऊ, असं पहिल्या आठवड्यात वाटतं. रोज शंभर किलोहून जास्त वजन वाहून नेण्याची ही गोष्ट आहे आणि तिला सुट्टी नाही. उन्हाळ्यात एक दिवस पाणी तुटलं तर अंडी लगेच घटतात आणि पूर्ववत व्हायला आठवडे लागू शकतात. जास्त काळ तुटलं तर कोंबडी पिसं झाडायला लागते आणि अंडी बंदच होतात. विहीर किंवा बोअर मालकाची असेल तर ती कोणत्या महिन्यापर्यंत चालते, मोटर कोण चालवणार, वीज कोणाच्या नावावर, हे मालकाला विचाराच, आणि तेवढ्यावर न थांबता शेजारच्या रानातल्या माणसालाही विचारा. त्याला काही लपवायचं कारण नसतं.

अंतराबद्दल माझं मत ठाम आहे: लांबच्या उत्तम रानापेक्षा जवळचं मध्यम रान बरं. सकाळी सोडायला आणि संध्याकाळी कोंडायला, असं दिवसातून दोनदा जावंच लागतं, तेही वर्षाचे ३६५ दिवस. अंधार पडल्यावर एकच दिवस खुराड्याचं दार उघडं राहिलं की मुंगूस किंवा कोल्हा यायला तेवढं पुरतं. आपोआप उघड-मिट करणारी दारं मिळतात, चांगली असतात, पण ती पाणी भरत नाहीत आणि आजारी कोंबडी ओळखत नाहीत. तुम्ही गावाला गेलात तर कोण जाईल, त्या माणसाचं नाव आजच ठरलं पाहिजे. असा माणूस नसेल तर रान बघायला जाण्याआधी तो शोधा.

यानंतर रानाचा इतिहास. भाड्याच्या जागेत लोक हा भाग सोडून देतात आणि मला त्याची फार काळजी वाटते, कारण यातलं काही डोळ्यांना दिसत नाही. कोंबडी दिवसभर माती उकरते आणि चोचीबरोबर ती पोटात जाते. मातीत शिसं असेल तर ते अंड्यात उतरतं. डीडीटीच्या जातीची जुनी कीटकनाशकं मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि तीही अंड्यातल्या चरबीत जमतात. म्हणून विचारा: इथे आधी काय होतं? फळबाग होती का, फवारणी कशाची व्हायची? भंगार, जुन्या बॅटऱ्या किंवा रंगवलेलं लाकूड जाळायची जागा होती का? एखाद्या कोपऱ्यात गवतच उगवत नाही, किंवा उकरलं की राख आणि काच निघते, असं दिसलं तर तिथली माती तपासून घ्या. प्रयोगशाळेला सांगताना 'शिसं आणि इतर जड धातू' असं स्पष्ट सांगा, नाहीतर पिकासाठीची नेहमीची तपासणी करून नत्र-स्फुरद-पालाशचा कागद हातात येईल.

दुसरा प्रश्न, इथे मेलेली जनावरं पुरली आहेत का? फाशी रोगाचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, बीजाणू मातीत दशकानुदशकं जिवंत राहतात. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ साली या जंतूंची युद्धचाचणी झाली होती. ते बेट १९८६ साली फॉर्मलडिहाइड वापरून निर्जंतुक करावं लागलं आणि १९९० साली सुरक्षित जाहीर झालं. ती मुद्दाम केलेली चाचणी होती आणि आपल्या रानात तसं काही नसतं, पण माती हे जंतू किती काळ सांभाळते ते यावरून कळावं. या रोगाने मेलेलं जनावर पुरल्याचं कोणी सांगितलं, तर त्या रानात शेळ्या नेऊ नका. गुरांच्या डॉक्टरांशी बोला, त्यांना परिसराची माहिती असते.

तिसरा प्रश्न, आधी इथे कोंबड्या होत्या का? होत्या, तर टर्कीचा विचार सोडा. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांमधून टर्कीच्या यकृतावर घाला घालणारा सूक्ष्मजीव पसरतो. कोंबडी बहुधा धडधाकट दिसते, टर्की मात्र मरतात. ती अंडी मातीत काही वर्षं टिकतात आणि गांडुळांच्या पोटातही राहतात. एकाच रानात कोंबड्या आणि टर्की ठेवायचा तुमचा विचार मला याच कारणाने पटत नाही, मग आधीचा इतिहास स्वच्छ असला तरीही.

बदकांना नाही म्हणणार नाही, पण त्यांचं घर आणि पाणी वेगळं करा. बदक जिथे राहतं तिथली गादी, म्हणजे खाली अंथरलेला भुसा-पेंढा, ओली होते, आणि ओल्या गादीवर कोंबड्या आजारी पडतात. शिवाय बर्ड फ्लूचे विषाणू बदकाच्या अंगात लक्षणं न दाखवता राहू शकतात. रानालगत तळं असेल आणि तिथे रानबदकं उतरत असतील, तर तुमची बदकं त्या पाण्यावर जाऊ देऊ नका आणि त्या पाण्याने कोंबड्यांची भांडी भरू नका. साथीच्या काळात सर्व पक्षी छताखाली कोंडण्याचा सरकारी आदेश निघू शकतो. सगळ्या कोंबड्या एकाच वेळी आत मावतील एवढा निवारा असणं हा म्हणून चैनीचा भाग समजू नका. आत राहायला कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट जागा, बसायच्या दांडीवर २० ते २५ सेंटिमीटर आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक खोपटं, एवढं धरा.

दीड एकर पुरेल का? कोंबड्यांना पुरून उरेल. युरोपीय संघाच्या नियमात मुक्तसंचार अंड्यांसाठी कोंबडीमागे किमान ४ चौरस मीटर मोकळी जागा लागते. त्या हिशोबाने शंभर कोंबड्यांना ४०० चौरस मीटर, म्हणजे एकराचा दहावा हिस्सा. पण तो हिस्सा कायम तोच राहिला तर काही महिन्यांत तिथे गवताची काडी उरणार नाही आणि मातीत जंतांची अंडी साठतील. तेवढ्याच आकाराचे पाच-सहा पट्टे पाडा आणि कोंबड्या फिरवत ठेवा. गवत संपेपर्यंत थांबू नका, थोडं उरलेलं असतानाच पट्टा बदला.

शेळ्यांचं फिरवणं जास्त नेमकं लागतं. लेंडीतून पडलेली जंतांची अंडी उबदार ओलसर हवेत आठवड्याच्या आत गवतावर चढणाऱ्या अळ्यांमध्ये बदलतात, आणि त्या बहुतेक जमिनीलगतच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये असतात. म्हणून चार-पाच दिवसांनी पट्टा बदलायचा, गवत तळापर्यंत चरू द्यायचं नाही आणि पट्ट्याला निदान महिना-दीड महिना विसावा द्यायचा. शेळीला मुळात झुडपाचा पाला आवडतो, आणि वर तोंड करून खाणाऱ्या शेळीच्या पोटात जंत कमी जातात. बांधावर झुडपं असलेलं रान म्हणून साफ केलेल्या रानापेक्षा चांगलं. फक्त कण्हेर आणि घाणेरी आहे का ते पाहा. दोन्ही शेळ्यांना विषारी आहेत. कोंबड्यांचे जंत आणि शेळ्यांचे जंत वेगवेगळे, त्यामुळे शेळ्यांच्या मागून त्या पट्ट्यात कोंबड्या सोडल्या तर कोणाचं नुकसान होत नाही. उलट कोंबड्या लेंड्या विस्कटतात, किडे वेचतात आणि खत समान पसरतं.

एकत्र ठेवताना खरा धोका खाद्याचा असतो. शेळी कोंबड्यांच्या खाद्यात शिरली तर पोटभर दाणा खाते, पोटात आंबण होते आणि ती एका दिवसात दगावू शकते. कोंबड्यांच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरची औषधं मिसळलेली असतात, त्यातली मोनेन्सिनसारखी औषधं घोड्याला थोड्या प्रमाणातही प्राणघातक ठरतात. शेजारी घोडा चरायला येत असेल तर खाद्याची पोती कुठे ठेवता याची दुप्पट काळजी घ्या. कोंबड्या जातील आणि शेळ्या जाणार नाहीत अशा अरुंद, ठेंगण्या दाराच्या आत खाद्य ठेवणं हा सोपा उपाय.

मेलेली कोंबडी दिसली की त्याच दिवशी उचला. खतात किंवा गवतात राहून गेलेल्या मेलेल्या पक्ष्यातून बोट्युलिझमचं विष तयार होतं आणि ते खत पडलेल्या रानात चरणारी गुरं मरू शकतात. तुमच्या कोंबडखतामुळे मालकाची गाय मेली, तर करारातला कोणताही कागद तुमच्या मदतीला येणार नाही.

कोंबडखताचा दुसरा अंगही आहे, आणि भाडं ठरवताना तो मालकासमोर मांडा. एक कोंबडी रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम ओली विष्ठा टाकते. शंभर कोंबड्यांची वर्षाला चार टनांच्या आसपास होते आणि तीत सव्वा ते दीड टक्का नत्र असतं, म्हणजे ५० ते ६० किलो नत्र. त्यातलं जवळपास निम्मं रात्री दांडीखाली पडतं आणि सहज गोळा होतं. तीन वर्षांनी मालकाला मिळणारं रान आजच्यापेक्षा सुपीक असेल, हे आकड्यात सांगा. मात्र खत ओलं ढीग करून ठेवलं तर उलटा परिणाम. उबदार हवेत माशीचं अंड्यापासून उडणाऱ्या माशीपर्यंतचं चक्र सात-दहा दिवसांत पूर्ण होतं. शेजाऱ्यांच्या घरात माश्या गेल्या की तक्रार मालकाकडे जाते आणि तुमचं रान जातं. गादी कोरडी ठेवा, ओला भाग आठवड्याच्या आत काढा, ढीग झाकून कुजवा आणि तो शेजारच्या घरापासून व विहिरीपासून सर्वात लांबच्या कोपऱ्यात ठेवा. कोंबडे ठेवायचेच असतील तर एखादाच ठेवा. अंड्यासाठी कोंबड्याची गरज नसते, आणि पहाटेच्या आरवण्याने शेजाऱ्यांशी वाकडं येतं.

निवारा, कुंपण, टाक्या या सगळ्याबद्दल एकच सूत्र: भाड्याच्या रानात सिमेंट ओतू नका. जमिनीत पक्कं केलेलं काम करार संपताना कोणाचं, यावर वाद होतात. शिवाय पक्कं शेड झालं की पट्टे बदलण्याची गंमत संपते, कोंबड्या त्याच उंबऱ्याभोवती माती उकरत राहतात. चाकांवरचं किंवा घसरत ओढता येईल अशा आडव्या वाशांवरचं खुराडं बांधा. पंचवीस-तीस कोंबड्यांचं एक, अशी चार खुराडी एका मोठ्या खुराड्यापेक्षा बरी. ओढायला सोपी, आणि एखादा आजार आला तर निदान सगळ्या कोंबड्या एका छताखाली नसतात.

कुंपणात एक गैरसमज फार महागात पडतो. षटकोनी छिद्रांची नेहमीची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो आणि मुंगूस फटीतून शिरतो. रात्री कोंडायच्या खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा आणि तिचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून दाबून टाका, म्हणजे उकरणारा प्राणी तिथेच अडतो. दिवसाच्या पट्ट्यांना विजेची उचलता येणारी जाळी आणि सौर झटका मशीन उत्तम. पण अर्थिंग नीट हवं आणि तारेला टेकणारं गवत कापलेलं हवं, नाहीतर झटका गवतातच जिरतो. शेळ्यांचं बाहेरचं कुंपण आधीच धड असलेलं रान मिळालं तर थोडं जास्त भाडं द्यायला हरकत नाही. दीड एकराला नवीन कुंपण घालणं हा या सगळ्यातला बहुधा सर्वात मोठा खर्च ठरतो.

करारात मुदत आणि भाड्याशिवाय काय लिहायचं ते सांगतो. कोणती जनावरं आणि जास्तीत जास्त किती, हे नावानिशी लिहा. 'पशुपालनासाठी' एवढंच लिहिलं तर उद्या शेळ्यांवर आक्षेप येऊ शकतो. तुम्ही आणलेली प्रत्येक हलवता येणारी वस्तू तुमची, आणि ती न्यायला करारानंतर महिनाभराची सवलत. पाण्याचा आणि रस्त्याचा हक्क, रात्री-अपरात्रीसुद्धा. कुंपण मोडलं तर दुरुस्ती कोणाची. मालक किंवा शेजारी फवारणी करणार असेल, उंदरांचं विष टाकणार असेल, तर आधी कळवायचं. रान विकलं गेलं तर नवा मालक करार पाळेल, ही अट. रान कोणत्या अवस्थेत परत द्यायचं, तेही लिहा आणि पहिल्या दिवशीचे तारखेसह फोटो दोघांनी जपून ठेवा.

एक अट मी जवळपास कोणत्याच करारात पाहत नाही, म्हणून वेगळी सांगतो. बर्ड फ्लू, कोंबड्यांची मानमोडी (राणीखेत) किंवा लाळ्या खुरकुताची साथ आली की त्या परिसरातून जनावरं हलवायला सरकारी बंदी येऊ शकते. करार संपण्याच्या दिवशी अशी बंदी चालू असेल तर तुम्ही रान सोडू शकत नाही आणि राहूही शकत नाही. बंदी उठेपर्यंत आणि त्यानंतर ठरावीक दिवसांपर्यंत त्याच भाड्याने करार चालू राहील, हे एक वाक्य घाला. मालक याला सहसा नाही म्हणत नाही, कारण त्यात त्याचं काही जात नाही.

सही करण्याआधी स्थानिक प्रशासनाकडून दोन गोष्टी विचारून घ्या: या जमिनीवर जनावरं ठेवायला आणि तात्पुरता निवारा उभारायला परवानगी लागते का, आणि वस्तीपासून किती अंतर राखावं लागतं. जनावरांची नोंदणी लागत असेल तर तीही त्याच फेरीत. तोंडी 'काही हरकत नाही' यावर थांबू नका.

करार झाल्यावरचा क्रम असा ठेवा. आधी कुंपण आणि पाणी, मग खुराडी, मग एक-दोन आठवडे सगळं रिकामं चालवून पाहा. पहिल्या तुकडीसाठी एक दिवसाची पिलं आणू नका. त्यांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते आणि ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत न्यावी लागते. वीज नसलेल्या, लांबच्या रानात ते जमत नाही. लसीकरण झालेल्या, अंड्यावर येण्याच्या बेतातल्या तीसेक तलंगा घ्या. महाग पडतात, पण पहिले पाच महिने वाचतात आणि रानातल्या उणिवा शंभर कोंबड्यांवर कळण्याऐवजी तीसांवर कळतात. त्यांचा एक पावसाळा नीट गेला की दोन शेळ्या आणा. एकटी शेळी ओरडून ओरडून खाणं सोडते, म्हणून दोनपेक्षा कमी नकोत. बाकीच्या कोंबड्या आणि चार शेळ्या दुसऱ्या वर्षी. बदकं त्यानंतर, त्यांच्यासाठी वेगळा कोपरा आणि वेगळं पाणी करता आलं तरच.